करपात्र गाद्या

घरातल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा पैसे आले, की ती बातमी नातेवाइकांना नक्की कोण देतं, यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही. मुलगा सांगत नाही. आई सांगत नाही, निदान तसं ती शपथेवर म्हणते. तरी संध्याकाळपर्यंत मामाला माहीत असतं, चुलतभावाला माहीत असतं, आणि जिचा फोन नंबरही आपल्याकडे नाही अशा आत्याची गाडी नेमकी त्याच संध्याकाळी बंद पडते. वाचकहो, तुमच्याकडेही हे होत असेल. आमच्या टॅलवुडमध्ये, अलाबामातल्या या एवढ्याशा गावात, कॉर्डेल टिलरीच्या बाबतीत ते झालं. फरक एवढाच, की या गोष्टीत गाद्या आहेत.

कॉर्डेलला घरात पीनट म्हणतात, म्हणजे शेंगदाणा. तो दिवस भरायच्या बराच आधी जन्मला आणि नर्सच्या तळहातावर मावला, म्हणून. पुढे शेंगदाण्याने मनावर घेतलं. आता तो दारातून येताना आधी एक खांदा पाठवतो, तो सुखरूप पोचला की मग उरलेला येतो. नाव बदलायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

पीनट गावातल्याच कॉलेजात शिकतो आणि कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळतो. हा आमचा फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. पीनट चेंडू घेत नाही आणि पळतही नाही. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यासमोर उभं राहायचं आणि कुणालाही आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यात तो इतका वाकबगार, की समोरच्या संघातली पोरं मॅच संपल्यावर त्याच्याशी हात मिळवायला येतात आणि हलक्या आवाजात विचारतात, तू खातोस तरी काय?

मैदानावर त्याला ओलांडून कुणी गेलं नाही. घरात मात्र त्याला ओलांडायला बेल वाजवायचीही गरज पडत नसे. 'नाही' हा शब्द त्याला माहीत होता, लिहिता येत होता, इतरांनी वापरलेला त्याने ऐकलाही होता. नातेवाईक समोर आले, की तेवढा तोंडातून निघत नसे.

आणि हा डोंगर शिकत होता काय, तर बालवाडीचा मास्तर व्हायला. आठवड्यातून दोन सकाळी तो सरकारी शाळेच्या बालवाडीत सरावाला जाई. तिथे लाल गालिच्यावर पालथा पडून तो गोष्ट वाचे आणि पोरं त्याच्या पाठीवर बसून ऐकत. सगळा वर्ग मावे. 'मिस्टर कॉर्डेल, तुम्ही हललात तर आम्ही पडू,' असं एकीने त्याला बजावून ठेवलं होतं, म्हणून तो पानही श्वास रोखून उलटत असे. पुढचं सबंध वर्ष त्याच वर्गात काढलं, की तो पक्का मास्तर होणार होता. आयुष्यात त्याने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

आता पैशाकडे येऊ. कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा हल्ली मिळाली आहे. मोठ्या विद्यापीठांतल्या मोठ्या खेळाडूंकडे बूटवाले येतात, मोटारवाले येतात. पीनटकडे लुथर हँकिन्स आला. हँकिन्सचं हायवेवर गाद्यांचं दुकान आहे. पीनटने शिडीवरून गादीवर उडी मारायची, गादी फाटत नाही हे कॅमेऱ्याला दाखवायचं, आणि उठून म्हणायचं, 'माझ्याखाली टिकली, तुमच्याखालीही टिकेल.' त्याबद्दल दर महिन्याला चेक, आणि वर गाद्या. पहिल्या शूटिंगला शिडी मोडली. गादी टिकली. हँकिन्सने तोच भाग जाहिरातीत ठेवला आणि दुकानासमोर गाड्या लावायला जागा उरली नाही.

इथे पीनटची चूक झाली, आणि ती चूक त्या घरातल्या कुणीही केली असती. त्याची आई व्हर्नेटा कोंबडीच्या कारखान्यात, मामा डुप्री लाकडाच्या वखारीत, वडील लांबच्या ट्रकवर. या घरात आजवर आलेला प्रत्येक पगार टॅक्स कापूनच आला होता. चेकवर लिहिलेलं ते आपलं, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. हँकिन्सचा चेक मात्र अख्खा होता, कुणीही न कापलेला. पीनटने तो बघितला आणि मनात म्हणाला, कापूनसुद्धा एवढे! सरकार भलं दिसतंय.

मग नातेवाईक आले. कुणी मागितलं नाही, हे मुद्दाम सांगतो. मागणं आमच्यात कमीपणाचं समजतात. ते फक्त सांगत. चुलतभावाने सांगितलं, की गाडीचं इंजिन गेलं. आत्याने सांगितलं, की यंदा घराचं भाडं वाढलं. आणि डुप्री मामा महिन्याच्या पहिल्या तारखेला येऊन पीनटच्या पाठीवर थाप मारी आणि विचारी, 'काय भाचेराव, आपले पैसे कधी येतायत?'

पीनट हसे आणि देई. नाताळात त्याने हँकिन्सकडून मिळालेल्या गाद्या घरोघरी पोचवल्या. आईला पहिली, मग मावशीला, आत्याला, चुलतभावांना. डुप्री मामाने दोन घेतल्या, एक पलंगासाठी नि एक पुढच्या ओसरीवर पडून बिअर पिण्यासाठी. त्या हिवाळ्यात टिलरी खानदान इतकं गाढ झोपलं, की चर्चला उशिरा येऊ लागलं. पास्टरने दोनदा चौकशी केली. तिसऱ्यांदा त्यालाही एक गादी गेली.

या सगळ्यांत एकच बाई अशी होती जिने पीनटला कधी काही सांगितलं नाही. ती एर्नेस्टीन मावशी, व्हर्नेटाची थोरली बहीण. केशकर्तनालय आणि केसांच्या टोपांचं दुकान यांच्या मधे तिचं ऑफिस आहे, लोकांचे टॅक्सचे कागद भरून द्यायचं. जानेवारी ते एप्रिल तिचा हंगाम. आमच्याकडे अशा ऑफिसांबाहेर, रस्त्याच्या कडेला, स्वातंत्र्यदेवतेचा वेष केलेला माणूस उभा करतात. हिरवा झगा, स्पंजाचा मुकुट, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात पाटी. त्याने नाचून गिऱ्हाईक बोलवायचं. त्या वर्षी मावशीची देवता फेब्रुवारीतच प्रेमात पडून मॉन्टगमरीला निघून गेली होती. झगा खुंटीवर लटकत होता.

मावशीला वाटत होतं, पीनटचे कागद कॉलेज कुणाकडून तरी करून घेत असेल. पीनटला वाटत होतं, आपला टॅक्स कापूनच येतो. दोघंही सुखात होती. मग ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मावशी डुप्री मामाच्या घरी त्याचे कागद आणायला गेली, कारण तो ते स्वतःहून कधीच आणत नाही. ओसरीवर गादी होती, मावशी तिच्यावर टेकली. कमरेला ओळखीचं वाटलं. ती उठून आत गेली, पलंगावर टेकली. तेच. तिच्या स्वतःच्या घरी तीच गादी, जी पीनटने विकत घेऊन दिली असं ती समजत होती; व्हर्नेटाकडे तीच.

'डुप्री, ही कुठून आली?'

'पीनटने दिली. त्याला फुकट मिळतात.'

फुकट हा शब्द कानावर पडला, की एर्नेस्टीन मावशीची डावी भुवई आपोआप वर जाते. डॉक्टरांना दाखवून झालं आहे, उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी पीनट तिच्या ऑफिसात बसला होता. एका खुर्चीत मावत नाही, म्हणून दोन खुर्च्यांत. मावशीने विचारलं, चेकमधून टॅक्स कोण कापतं?

'कापूनच येतो ना?'

'कोण कापतं? हँकिन्स? तो स्वतःची नखं कापायला विसरतो.'

मग तिने समजावलं. तू हँकिन्सचा नोकर नाहीस, बाळा. तुझा तू मालक आहेस. आणि मालकाचं कुणी कापत नाही, मालकाने स्वतः बाजूला काढून ठेवायचं असतं. साधारण तिसरा हिस्सा. पीनटने विचारलं, तिसरा हिस्सा कशाचा, उरलेल्याचा? मावशी म्हणाली, सगळ्याचा.

'आणि गाद्यांचाही,' ती म्हणाली.

'गाद्या तर पैसे नाहीत.'

'कामाबद्दल मिळाल्या ना? मग ती कमाई. बाजारात जो भाव तोच धरायचा.'

'पण मावशी, मी त्या वाटून टाकल्या.'

'वाटणं हा तुझा स्वभाव झाला. सरकारला तुझ्या स्वभावाशी काही देणंघेणं नाही.'

पीनटने डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, सरकार काय माझ्यासोबत शिडीवर चढलं होतं? या प्रश्नाची मावशी जणू वाटच पाहत होती. तिने चष्मा काढला.

'तुझ्या वर्गातला तो लाल गालिचा कुणी आणला? बाईंचा पगार कोण देतं? आपल्या राज्यात उत्पन्नाचा टॅक्स मास्तरांच्या पगाराला जातो. उद्या तू मास्तर झालास, की तुझा पगारही त्यातूनच निघणार. तू आत्ता जे भरायला कुरकुरतोयस, ती तुझीच पुढची नोकरी आहे.'

पीनटने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग त्याने जे सांगितलं, ते त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. एका मोठ्या विद्यापीठाच्या माणसाचा फोन येत होता. ते म्हणत होते, आमच्याकडे ये, टॅलवुडमध्ये वर्षभरात मिळतं ते इथे महिन्याला मिळेल. ईस्टरनंतरच्या शनिवारी दुपारी तो शेवटचा फोन करणार होता. आजवर पीनटने त्याला टोलवलं होतं. पण आता बँकेत जवळपास काही नाही, आणि एप्रिलच्या मध्याला टॅक्स भरायचा.

'तिकडे गेलो तर एका सहीत फिटेल,' तो म्हणाला.

'आणि बालवाडी?'

'तिकडे तो विषयच नाही.'

बाहेर केशकर्तनालयातला रेडिओ चालू होता. मावशीने चष्मा पुन्हा घातला. सरकार हप्त्यांनीही घेतं, ती म्हणाली, ते मी बघते. पण नुसत्या हप्त्यांनी तू वाचणार नाहीस. हप्ता भरशील आणि पहिल्या तारखेला डुप्री येईल. दुखणं तिथे आहे. मला ईस्टरचा रविवार दे.

ईस्टरला चर्च सुटल्यावर सगळे व्हर्नेटाकडे जमले. हॅम होतं, भाजलेलं मॅकरोनी होतं, डुकराच्या पायासोबत शिजवलेली पालेभाजी होती, आणि ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो ते मावशीचं रताळ्याचं पाई, म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेलं पक्वान्न, होतं. प्रार्थना डुप्री मामाने म्हटली. देवाला धन्यवाद देता देता त्याने आपण मासेमारीची बोट घ्यायच्या विचारात आहोत हेही देवाच्या कानावर घातलं, आणि भाचा समर्थ आहे अशी पुस्ती जोडली. आमेन म्हणायला लोक जरा अडखळले, पण म्हणाले.

मावशी उठली आणि म्हणाली, जेवणाआधी सगळे अंगणात या.

अंगणात तिने एक खुर्ची ठेवली, खुर्चीवर रताळ्याचं पाई ठेवलं आणि त्याच्या पुढे पीनटला उभं केलं. ती म्हणाली, ज्याला पाई हवं त्याने पीनटला ओलांडून घ्यावं. पीनट, तू मैदानावर करतोस तेच कर. पण कपडे चर्चचे आहेत, बेताने.

चुलतभाऊ गेले. ज्या दिशेने गेले त्याच दिशेने परत आले. आत्याने बाजूने जायचा प्रयत्न केला; पीनटने तिला अलगद उचलून होती तिथे आणून ठेवलं आणि तिची टोपी सरळ केली. डुप्री मामाने कोट काढला, बाह्या सारल्या आणि डोकं खाली घालून धावला. तो अझेलियाच्या झुडपात सापडला. फुलं झडली, मामाला काही झालं नाही. हसून हसून व्हर्नेटाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

'छान,' मावशी म्हणाली. 'डुप्री, आता धावू नकोस. नुसता त्याच्यासमोर उभा राहा आणि बोटीचं बोल.'

मामाने केसांतली पाकळी काढली. गंमत चाललीये असं समजून तो समोर आला, पाठीवर नेहमीची थाप मारली आणि म्हणाला, 'काय भाचेराव, आपले पैसे कधी येतायत?'

आणि अख्ख्या टिलरी खानदानाने ते पाहिलं. पीनटचे खांदे खाली आले. पसरलेले हात बाजूला गेले. तो हसला, ते त्याचं ओळखीचं हसू, आणि एक पाऊल बाजूला झाला. कुणी ढकललं नाही, काही नाही. डुप्री मामा चालत गेला आणि पाई उचललं.

पाई हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. कुणी हसलं नाही.

मग मावशीने सांगितलं. चेक न कापलेला होता. गाद्या कमाईत धरतात. 'तुम्ही सगळे हिवाळाभर त्याच्या टॅक्सवर झोपला आहात,' ती म्हणाली, 'आणि त्यात मीही आहे. माझी कंबर आता दुखत नाही, त्याची लाज वाटते मला.' तिने मोठ्या विद्यापीठाचं सांगितलं, शनिवारचा फोन सांगितला, आणि खुर्चीवरचं पाई म्हणजे पीनटचं बालवाडीतलं पुढचं वर्ष होतं हेही सांगितलं. डुप्री मामाने पाई पटकन खुर्चीवर परत ठेवलं, जणू ते गरम होतं.

व्हर्नेटा मुलाजवळ गेली. त्याच्या चेहऱ्याकडे बघायला तिला मान मागे टाकावी लागते.

'मला का नाही सांगितलंस?'

'कसं सांगू आई? तू म्हणालीस, इतकी वर्षं कारखान्यात उभं राहून पाठ गेली होती, आता झोप लागते. त्यानंतर काय सांगणार?'

व्हर्नेटाने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, आधी नीटच होती तरी.

मावशीने पीनटलाही सोडलं नाही. तू बिचारा वगैरे नाहीस, ती म्हणाली. 'हो' म्हणणं तुला सोपं जातं म्हणून तू म्हणतोस. लोक तुला चांगला म्हणतात, ते तुला आवडतं. यांनी विचारलं नाही ही यांची चूक, आणि तू बोलला नाहीस ही तुझी. पोरांसमोर उभा राहणार आहेस ना? मग पोरांना काय शिकवशील, की मागेल त्याला सगळा खाऊ देऊन टाका आणि मग घर सोडून जा?

पाई कुणी खाल्लं नाही. टिलरींच्या इतिहासात हे प्रथमच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅलवुडच्या लोकांनी एक मिरवणूक पाहिली. पुढे डुप्री मामाचा ट्रक, त्यावर दोन गाद्या. मागे चुलतभावांच्या गाड्या, प्रत्येकीच्या टपावर दोरीने बांधलेली एक गादी. आत्याची गाडी खरोखरच बंद पडली होती, म्हणून तिची गादी पास्टरच्या गाडीवर, पास्टरच्या स्वतःच्या गादीखाली. पोलिसाने हॉर्न वाजवून रस्ता मोकळा करून दिला. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. सगळ्या गाद्या मावशीच्या ऑफिससमोर उतरल्या.

मावशी बाहेर आली. तिने गाद्या बघितल्या, मग माणसं बघितली.

'सरकार वापरलेली गादी घेत नाही!'

मामा म्हणाला, मग हँकिन्सला परत देऊ. मावशी म्हणाली, त्याने काय करायचं त्यांचं, तुझ्या आकाराचा खड्डा पडलाय एकीत. मग सगळे त्या गाद्यांवर बसले आणि विचार करू लागले. टिलरी खानदानाने एकत्र बसून पैसे कुणाला द्यायचे याचा विचार करावा, हा प्रसंग नवा होता. सराव नसल्यामुळे वेळ लागला.

शेवटी डुप्री मामाच बोलला. 'आपल्यात कुणाचं अडलं तर आपण काय करतो?'

आता हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुणाचं अंत्यसंस्काराचं अडो, चर्चच्या गायकांच्या झग्यांचं अडो, कुणाला जामिनावर सोडवायचं असो, आम्ही मासे तळतो. तळलेला कॅटफिश, स्पॅगेटी, कोबीची कोशिंबीर आणि पावाचा एक पांढरा तुकडा, अशी थाळी भरायची आणि गावाने ती विकत घ्यायची. आजवर टॅलवुडमध्ये माशांनी पुष्कळ लोकांना तुरुंगातून काढलं आहे. टॅक्ससाठी मात्र कुणी मासा तळला नव्हता.

आत्याने शंका काढली, की यावर पुन्हा टॅक्स नाही ना? मावशी म्हणाली, पीनटला तुम्ही प्रेमाने दिलेत तर त्याच्यावर नाही. विकणारे तुम्ही, तुमचं मी जानेवारीत बघते. यातलं सगळ्यांनी 'प्रेमाने दिलेत' एवढंच ऐकलं.

शनिवारी मावशीच्या ऑफिससमोर कढया लागल्या. डुप्री मामा तळणीला, व्हर्नेटा स्पॅगेटीला, चुलतभाऊ पोचवायला. आणि रस्त्याच्या कडेला, दोन झगे एकत्र शिवून बनवलेल्या एका हिरव्या झग्यात, स्वातंत्र्यदेवता उभी होती. एवढी मोठी स्वातंत्र्यदेवता न्यूयॉर्क सोडल्यास कुठेच नसेल. मुकुट डोक्यावर बसत नव्हता, तो नुसता ठेवला होता. पाटीवर लिहिलं होतं, 'टॅक्ससाठी मासे.' पीनट नाचत होता. त्याला नाचता येत नाही, पण तो मनापासून नाचत होता, आणि ट्रकवाले थांबून थाळ्या घेत होते.

बालवाडीचा सगळा वर्ग आईबापांना ओढत आला. त्या बजावणाऱ्या मुलीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

'मिस्टर कॉर्डेल, तुम्ही हिरवे का झालात?'

'मला टॅक्स भरायचाय.'

तिने ते ऐकून घेतलं. मोठं झाल्यावर टॅक्स भरताना हिरवं व्हावं लागतं, अशी त्या वर्गाची आजही समजूत आहे. लुथर हँकिन्सही आला, सगळ्या दुकानासाठी थाळ्या घेऊन गेला, आणि मावशीसमोर टोपी काढून म्हणाला, की मला वाटलं ज्याचं त्याला ठाऊक असतं. मावशी म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं, म्हणून तर माझं ऑफिस चालतं. पुढच्या वर्षी कागद आधी मला दाखव.

आणि दुपारी फोन वाजला.

पीनटने मशाल काखेत धरली आणि झग्याच्या आतून फोन काढला. डुप्री मामाने कढईखालची आच कमी केली. सगळे थांबले. पलीकडचा माणूस बोलत होता, पीनट ऐकत होता. त्याने आकडा वाढवला असावा, कारण पीनटचे खांदे हळूहळू खाली येऊ लागले. व्हर्नेटाने ते पाहिलं आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

मग पीनटने पाय रोवले. एक पुढे, एक मागे, मैदानावर रोवतो तसे. मोकळा हात त्याने समोर पसरला, समोर कुणी नव्हतं तरी.

'नाही,' तो म्हणाला. पलीकडचा बोलत राहिला. 'नाही साहेब. आभारी आहे. मला इथे बालवाडीत शिकवायचंय.'

पलीकडच्या माणसाने बहुधा पुन्हा विचारलं असावं, कारण पीनट जरा मोठ्याने म्हणाला, 'बालवाडी. हो, लहान मुलांची.'

त्याने फोन ठेवला. मग तो वळून तळणीकडे बघत म्हणाला, 'मामा, बोटही नाही.'

'अरे वा!' डुप्री मामा ओरडला, आणि इतक्या आनंदाने ओरडला, की ज्याला बोट मिळणार नाही असा माणूस इतका खूश झालेला टॅलवुडने कधी पाहिला नव्हता. मग सगळेच पीनटवर पडले, झग्यासकट, मुकुटासकट. तो त्या गाद्यांवर आडवा झाला. त्या अजून तिथेच होत्या. एकही फाटली नाही. हँकिन्सने पळत जाऊन कॅमेरा आणला.

माशांनी टॅक्सचा बराचसा भाग भरला. उरलेल्याचे मावशीने हप्ते करून घेतले. गाद्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, पण हप्ते फिटेपर्यंत दर रविवारी चर्चनंतर ज्याने त्याने मावशीच्या बरणीत आपल्या झोपेबद्दल काहीतरी टाकायचं असं ठरलं. डुप्री मामा दोन गाद्यांचे टाकतो. हँकिन्सचा नवा चेक आला, की पीनट तो आधी मावशीकडे नेतो. तिसरा हिस्सा सरकारचा, तो दिसेनासा होतो. मग स्वतःच्या शिक्षणाचा. त्यातून काही उरलं, तर तो आईला विचारतो, तुला काय हवंय? आई बहुतेक वेळा म्हणते, झोप मिळतेय, पुरे आहे.

वाचकहो, बोध सांगितल्याशिवाय ही गोष्ट संपवली, तर एर्नेस्टीन मावशी मला सोडणार नाही. आपल्या घरातलं मूल कमवायला लागलं, की आपण सगळे मिळून त्याच्या चेककडे बघतो आणि मोठ्या आकड्यावर खूश होतो. तो आकडा सगळा त्याचा नसतो. त्यात सगळ्यांच्या रस्त्यांचा वाटा असतो, शाळेतल्या गालिच्याचा असतो, तो आधी काढून ठेवायचा. तो चोरीला जात नाही, आपल्याच पोरांच्या वर्गात अंथरला जातो. मग त्या मुलाच्या उद्याचा वाटा. त्यानंतर प्रेमाचा. हा क्रम उलटा केला, तर प्रेम करणारेच त्या पोराला घरातून घालवतात आणि वर म्हणतात, बघा, पैसा आला आणि लांब गेला. आणि कमावणाऱ्या पोरांनो, तुम्हीही तोंड उघडा. घरच्यांना 'नाही' म्हटल्याने प्रेम आटत नाही. आमच्याकडे तर त्यावर मासे मिळाले.

यंदा जानेवारीत मावशीच्या ऑफिसबाहेर नवी स्वातंत्र्यदेवता उभी आहे. तिला मिशा आहेत. डुप्री मामाने वखारीतून सुटल्यावर ही नोकरी धरली, बोटीसाठी स्वतः पैसे जमवायचे म्हणून. आणि त्याचाही टॅक्स कापून येतो, ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला पीनट सरावाहून परतताना तिथून जातो. मामा मशाल खाली करतो, भाच्याच्या पाठीवर थाप मारतो आणि विचारतो,

'काय भाचेराव, तुझं तुझ्याकडे उरलं का?'